खालच्या पायरीचा सांधा

१

मी वेल्डिंग शिकायला बसलो तेव्हा मला अठ्ठावन्न पूर्ण होऊन गेली होती. जन्मभर विजेचे मीटर तपासले. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, आकडे टिपायचे, कोणी मीटरशी चावटपणा केला असेल तर तो ओळखायचा, एवढंच मला येत होतं. हातोडी घेतली की खिळ्याऐवजी बोटच चेचायचो. माझे बाबा नावाजलेले वेल्डर होते, हे माझ्याकडे बघून कोणाला खरं वाटलं नसतं.

पण आई पडली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून अंगणात उतरायला पाच पायऱ्या आहेत, तिथेच तिचा पाय सटकला. हाड शाबूत राहिलं, पण धसका बसला. तेव्हापासून ती खोलीबाहेर पडेना, दोन घासांवर तिसरा घेईना, विचारलं तेवढंच बोले. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, त्यांना पुन्हा चालतं करा. चालतं करायचं तर पायऱ्यांना रेलिंग हवं होतं. फॅब्रिकेशनवाला आला, माप घेऊन गेला आणि महिनाभर ‘उद्या नक्की’ म्हणत राहिला. एके दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, बापाच्या हातात जे होतं त्यातलं थोडं तरी माझ्या हाडात उतरलं असेलच की.

जुन्या मशिनरीच्या दुकानात एक पोक्त दुकानदार बसतो. त्याने मला आधी नखशिखान्त न्याहाळलं आणि मग एक छोटं, वापरलेलं, वायरवर चालणारं मिग वेल्डिंग मशिन टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, गॅसची बाटली वगैरे भानगडीत पडू नका, उघड्यावर काम करणार असाल तर वारा गॅस उडवून नेतो. बिनगॅसची वायर मिळते, तिच्या पोटातच मसाला भरलेला असतो. ती लावा, घरच्या जाड प्लगवर चालवा, भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवा. लोखंडावरचा गंज आणि रंग घासून काढल्याशिवाय टॉर्चला, म्हणजे वायर बाहेर सोडणाऱ्या मुठीला, हात लावायचा नाही. जवळ वाळूची बादली ठेवा. जाडजूड हातमोजे घ्या.

‘बाकी सगळं स्वस्तातलं चालेल,’ तो म्हणाला, ‘मास्क तेवढा चांगला घ्या.’

नेमका तिथेच मी हात आखडता घेतला. त्याच्याकडे कोणीतरी परत केलेला एक मास्क कोपऱ्यात पडला होता. आपोआप काळा होणाऱ्या काचेचा. एरवी काच हिरवट आणि पारदर्शक असते, समोरचं सगळं दिसतं. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, पेटला की क्षणात काळीकुट्ट होते, विझला की पुन्हा साफ. परत का केला, असं मी विचारलं. त्या गिऱ्हाइकाला आवडला नाही, एवढंच तो म्हणाला. मी तो उचलला.

२

बाबांच्या वेळी असली काच नव्हती. त्यांच्या मास्कची काच कायमची काळी. रॉड होल्डरमध्ये धरायचे, अंदाजाने जागेवर न्यायचे, मान झटकून मास्क तोंडावर पाडायचे आणि रॉड लोखंडावर दोनदा टेकवायचे. टक, टक. मग तळणीत काहीतरी पडल्यासारखा आवाज सुरू व्हायचा.

मास्क पाडण्याआधी ते एकच शब्द बोलायचे. ‘डोळे.’

तो शब्द कानावर पडला की ताई आणि मी असू तिथे भिंतीकडे तोंड करायचो. आमच्या घरातली ती पद्धतच होती. दुसऱ्यांच्या घरात मुलांना नमस्कार शिकवतात, आम्हाला पाठ फिरवायला शिकवलं होतं. आई स्वयंपाकघरात असली तरी दाराकडे पाठ करून ‘हं’ म्हणायची. ती ‘हं’ ऐकल्याशिवाय बाबा आर्क पेटवत नसत. मग भिंतीवर निळा उजेड नाचायचा, त्यात आमच्या सावल्या लांबलचक व्हायच्या. ताई हाताने कुत्रा करायची, मी त्याला पकडायला सापळा करायचो. बाबा पाठीमागे आहेत आणि आपण इकडे खेळतोय, यापेक्षा जास्त सुख मला पुढे कशात मिळालं नाही. खरंच नाही.

त्यामुळे गंमत अशी झाली की काम करणारे बाबा मी कधी पाहिलेच नाहीत. मला आठवतो तो त्यांचा आवाज, जळक्या कातड्याचा वास, कोपरापर्यंत चढणारे हातमोजे. तोंड आठवत नाही. मी अकरा वर्षांचा असताना ते एका लांबच्या कारखान्यात तीन महिन्यांच्या कामावर गेले आणि तिथल्या अपघातात गेले. बातमी पोचेपर्यंत तिकडच्या लोकांनी सगळं उरकूनही टाकलं होतं. आईला त्यांचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

३

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाबांची शेड आहे. दार पायऱ्यांच्या बरोबर समोर. मी तिथलं अडगळीचं सामान हलवलं, पेट घेईल असं सगळं बाहेर काढलं आणि बाबांच्याच लोखंडी टेबलावर पट्ट्या मांडल्या.

पहिल्या दिवशी मी जे काही केलं त्याला वेल्डिंग म्हणणं म्हणजे वेल्डिंगचा अपमान होता. कबुतरांनी रांगेत बसून घाण करावी तसे थेंब. वायर पुढे फार वेगाने यायची आणि टॉर्च हातात ढुशा मारायची. वेग कमी केला तर वायर टोकालाच वितळून चिकटायची. पण तिसऱ्या दिवशी कधीतरी आवाज बदलला. फटफट थांबली आणि तळणीचा तो एकसंध आवाज आला. दुकानदाराने सांगितलं होतं, डोळ्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा.  सत्तेचाळीस वर्षांनी तो आवाज त्या शेडमधून येत होता.

मी मास्क वर करून बघितलं तर मागच्या दारात आईची खुर्ची होती. ती स्वतः उठून, भिंत धरत, ती खुर्ची ओढत तिथपर्यंत आली होती. बसली होती अर्थातच अंगणाकडे पाठ करून. समोर स्वयंपाकघराची पांढरी भिंत.

दुसरी पट्टी घेताना माझ्या तोंडून आपसूक गेलं, ‘डोळे.’

‘हं,’ आई म्हणाली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी ताईला फोन केला तेव्हा मला नीट बोलता येईना. ताई म्हणाली, मग रोज कर बाबा, लोखंड संपलं तर माझ्याकडची खिडकी उपटून नेऊन कर.

तसं रोजचं चक्र बसलं. दुपारी वामकुक्षी झाली की आई दारात, मी शेडमध्ये. कापायचं, घासायचं, ‘डोळे’, ‘हं’, आणि आर्क. चार वाजता चहा.

याच दिवसांत मास्कने पहिल्यांदा खोड काढली. मी एका पाइपचं टोक घासून झाल्यावर मास्क पाडून, माप नीट आहे का ते बघायला दाराकडे वळलो. टॉर्च टेबलावर होती. आणि काच काळी झाली.

क्षणभरच. लगेच साफ झाली. समोर पायऱ्या होत्या, आईची पाठ होती, ऊन होतं.

४

मी मीटर तपासणारा माणूस. काटा फिरला तर तो कशाने तरी फिरतो, असं मानून मी आयुष्य काढलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मास्क घेऊन दुकानदाराकडे गेलो. तो हसला. म्हणाला, स्वस्तातल्या काचेचे सेन्सर असेच वेंधळे असतात, उन्हाची तिरीप आली, ट्यूबलाइट लुकलुकली तरी त्यांना आर्क वाटतो. मग मी विचारलं, आधीचं गिऱ्हाईक काय म्हणालं होतं.  ‘मध्येच काळी होते म्हणाला. मी बदलून देत होतो, पण त्याला दुसरा नकोच होता.’

घरी येऊन मी पद्धतशीर तपासणी केली. उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो, काच साफ. ट्यूब लावली-विझवली, साफ. शेडच्या चारही कोपऱ्यांकडे बघितलं, साफ. फक्त पायऱ्यांकडे तोंड केलं की ती कधीतरी काळी व्हायची. रोज नाही. झाली की दोन सेकंद, तीन सेकंद. आपल्याला उजेड दिसत नाही, पण काचेला दिसतो, असा त्याचा अर्थ होत होता आणि तो अर्थ मला मान्य नव्हता. आईच्या पलीकडे स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या कपाटावरून कवडसा येत असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली आणि कपाटावर चादर टाकली.

चादर टाकल्यावर काच पाच सेकंद काळी राहिली. आणि या वेळी, अगदी खाली, शेवटच्या पायरीपाशी, मला राईच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. काळ्या काचेतून आर्क असाच दिसतो.

मी घाईने मास्क वर केला. पायरीवर काही नव्हतं. आई भिंतीकडे बघत पाय हलवत बसली होती.

५

रेलिंग छान उभं राहत होतं. वरचा खांब बसला, आडवे पाइप बसले. माझे वेल्डिंगचे टाके आता कोणाला दाखवावेत इतपत झाले होते. खालचा खांब तेवढा उरला होता. शेवटच्या पायरीत बोल्टने बसवलेल्या लोखंडी पट्टीवर तो उभा करून चहूबाजूंनी जोडायचा, की काम संपलं. वायर संपली म्हणून मी तो खांब बांधायच्या तारेने जागेवर आवळला आणि नवं रीळ आणायला गेलो. जाताना मशिनचा प्लग काढला. ती माझी सवय आहे, मी ती विसरत नाही.

तासाभराने परत आलो तर आई दारातच होती. चेहरा टवटवीत. चहा तिने स्वतः केला होता.

‘आज हात चांगला चालला होता,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, मी दुकानात गेलो होतो.

‘तुझा कोण म्हणतंय? तुझं मशिन आधी टकटक करत नाही.’

 मी बाहेर जाऊन मीटर बघितला. दुपारी निघताना आकडा बघून गेलो होतो, तीही जुनीच सवय. आकडा होता तिथेच होता. म्हणजे आई स्वप्नात होती. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला भरदिवसा डुलकी लागू शकते. मी चहा प्यायला बसलो आणि ती जणू भाजीचा भाव सांगावा तसं पुढे बोलत राहिली. तुझं कोपर उडतं. हे किती वेळा वर उचलून धरतात, तरी तू ढिम्म. लहानपणी पण असाच होतास, ठोंब्या.

‘तुला कसं कळतं? तू तर पाठ करून बसतेस.’

‘भिंतीवर दिसतं की.’

मला ते कोपर माहीत होतं. गेला आठवडाभर टाका मारताना माझं उजवं कोपर कशावर तरी टेकल्यासारखं स्थिर राहत होतं. मी त्याचं श्रेय कातडी जाकिटाच्या ताठ बाहीला दिलं होतं.

आईने कप खाली ठेवला. ‘एकच सांधा राहिलाय म्हणाले. तो झाला की निघू.’

कुठे, असं मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

६

मी मशिन झाकून ठेवलं. रेलिंगचं काय, असं ताईने फोनवर विचारलं तेव्हा पाठ धरल्याची थाप मारली. खालचा खांब तारेत आवळलेलाच राहिला.

आठव्या दिवशी आईने जेवणाचं ताट सरकवलं. दहाव्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही. तिचा हात हातात घेतला तर तो पुन्हा तसाच, कोणाचाही नसल्यासारखा. मी दोन दिवस स्वतःशी भांडलो आणि मग एक चोरवाट काढली. शेडमध्ये जाऊन पट्टी पट्टीला जोडायची, ग्राइंडरने कापायची, पुन्हा जोडायची. आवाज तिला मिळेल, उजेड मिळेल आणि तो एक सांधा राहील तसाच.

ती आली. खुर्ची ओढत आली. जेवू लागली, मला ठोंब्या म्हणू लागली, ताईच्या लहानपणीच्या खोड्या सांगू लागली. बाबा घरी येताना कातड्याच्या हातमोज्यात लपवून गोळ्या आणायचे आणि त्या गोळ्यांना धुराची चव असायची, हे मी साफ विसरलो होतो. तिने सांगितलं आणि ती चव जिभेवर आली. असे अडीच महिने गेले. इतके भरलेले दिवस मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. मी पायऱ्यांकडे तोंड करत नव्हतो, एवढंच पथ्य. पाठीला मात्र कळायचं. कोणीतरी काम हातात घेऊन थांबलेलं असलं की जसं कळतं तसं.

आई वाळत चालली होती. जेवत होती, हसत होती, पण खुर्चीत रोज थोडी कमी उरत होती. उठताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरायची.

एका ढगाळ दुपारी मी तीच पट्टी सातव्यांदा कापत होतो. ग्राइंडर थांबल्यावर तिची हाक आली. मी पायऱ्या चढून वर गेलो. तिने मान वळवली नाही, भिंतीकडे बघतच बोलली.

‘किती दिवस बसवून ठेवणार आहेस मला?’

मी म्हटलं, कुठे गं, काय बोलतेस.

‘त्यांना ताटकळत ठेवलंस. मला पण. मला एकदा तोंड बघू दे रे त्यांचं.’

माझ्या आईने माझ्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. लोखंडाचा कीस लागेल हाताला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, लागू दे.

७

मशिन ओढत पायऱ्यांपाशी आणलं. तार सोडली. खांब ओळंब्यात धरला, पट्टी घासून चकचकीत केली, अर्थिंगचा चिमटा लावला. ऊन नव्हतं, घरातला एकही दिवा लागलेला नव्हता, हे मी मुद्दाम बघून घेतलं. मग खालच्या पायरीसमोर गुडघ्यावर बसलो आणि मास्क पाडला. हिरवट काचेतून वर खुर्चीची पाठ आणि आईचा पांढरा अंबाडा दिसत होता.

‘डोळे,’ मी म्हटलं.

ती ‘हं’ म्हणाली नाही.

टक, टक.

काच काळी झाली. माझं बोट टॉर्चच्या खटक्यावर होतं, पण मी तो दाबला नव्हता. वायरचं टोक पट्टीपासून वीतभर लांब होतं. तळणीचा आवाज मात्र अगदी माझ्या हनुवटीखालून येत होता. काळोखात तो हिरवा ठिपका सांध्यावरून सरकत होता, घाई नाही, धक्का नाही. मागे वितळलेलं लोखंड शांतपणे बसत जात होतं. त्या उजेडाच्या कडेला एक हातमोजा होता. मनगटापाशी जळून गोळा झालेला. त्याच्यावर बाही, आणि बाहीच्या वर काळोख.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.  अजूनही मी खटका दाबून तो टाका बिघडवू शकत होतो. खांबाला लाथ मारून पाडू शकत होतो. आई अजून एक हिवाळा, कदाचित दोन, माझ्याकडे राहिली असती.

मी बोट काढून घेतलं. टॉर्च खाली ठेवली आणि गुडघ्यांवरच मागे सरकून जागा दिली.

आवाज थांबला. काच साफ व्हायला हवी होती, झाली नाही. कशाच्या उजेडात ते मला सांगता येत नाही, पण माझ्या आणि पायऱ्यांच्या मध्ये एक पाठ उभी राहिली. रुंद, उजव्या खांद्याला किंचित झुकलेली. कोपर वर गेलं. मास्क वर सारल्यावर कडी किणकिणते तशी किणकिणली. माझ्याकडे पाठ होती. शेवटपर्यंत पाठच होती.

वर खुर्चीचे पाय फरशीवर घासले. अंगणाकडे वळताना घासावेत तसे.

‘किती उशीर,’ आई म्हणाली. हा आवाज मी लहानपणी ऐकलेला होता. रागवायचं ठरवून बसलेल्या आणि न जमलेल्या बाईचा.

मग रेलिंगच्या पाइपवर आईची अंगठी वाजत खाली आली. एक पायरी, दुसरी, तिसरी. चौथीला मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा काच साफ होती. आई खुर्चीतच होती. पण खुर्ची अंगणाकडे फिरलेली होती आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या थोडी अलीकडे, उभ्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर थांबली होती आणि ओठांवर ते न जमलेलं रागावणं अजून होतं.

मी खूप वेळ त्या हिरवट काचेतून तिला बघत पायरीसमोर बसून राहिलो. मास्क वर केला असता तर मला ताईला फोन करावा लागला असता.